लब्लाँ घराण्यातला पिएर नक्की कुणाचा? एका अकेडियन वंशावळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस माझ्या चुलतभावाच्या सासरची. वहिनी अमेरिकन, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरकडची, आणि तिच्या आईचं माहेरचं आडनाव लब्लाँ. इथे तिला केट म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. अठराव्या शतकातल्या जोडप्याचीही नावं बदललीत, लब्लाँ तेवढं तसंच ठेवलंय कारण अकेडियन लोकांत ते इतकं कॉमन आहे की त्यावरून कुणी कुणाला ओळखायचा प्रश्नच येत नाही.

ज्यांना अकेडियन म्हणजे कोण हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आजचं कॅनडातलं नोव्हा स्कोशिया आणि आसपासचा भाग म्हणजे जुनं अकेडिया. १६३० च्या दशकापासून फ्रान्समधून कुटुंबं येऊन इथे राहिली, समुद्राच्या भरतीच्या पाण्याला बांध घालून त्यांनी खाजणातून शेती काढली, आणि पुढची शंभरेक वर्षं हीच मोजकी घराणी आपापसात लग्नं करत वाढली. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात हा मुलूख ब्रिटिशांकडे गेला. लोकांचं म्हणणं होतं आम्ही तटस्थ राहू, ब्रिटिश राजासाठी फ्रेंचांविरुद्ध हत्यार उचलणार नाही, आणि बरीच वर्षं ते चालूनही गेलं. मग १७५५ मध्ये गव्हर्नर लॉरेन्स आणि हॅलिफॅक्सच्या कौन्सिलने २८ जुलैला ठरवलं की यांना सगळ्यांनाच उचलायचं. ५ सप्टेंबरला ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये कर्नल विन्स्लोने ४१८ पुरुष आणि मोठी मुलं बोलावून हुकूम वाचून दाखवला, त्याच दिवशी जवळच्या पिसिगिटमध्ये कॅप्टन मरेने फोर्ट एडवर्डमध्ये १८३ पुरुष कोंडले. त्या वर्षी सहा-सात हजार लोक जहाजांत भरून मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहतींमध्ये विखरून टाकले. एकत्र कुठेच ठेवायचे नाहीत हाच तर हेतू होता.

तर केटच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जायची, की आपण नोटरी रेने लब्लाँचे वंशज. हा माणूस खरा. ग्राँ-प्रेचा नोटरी, ब्रिटिशांच्या बाजूने काम करायचा, त्यापायी १७४९ मध्ये त्याला मिगमॉ या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या योद्ध्यांनी पकडून नेलं होतं, आणि एवढं करूनही १७५५ मध्ये त्यालाही हद्दपार केलंच. म्हातारा न्यूयॉर्कला उतरला आणि फिलाडेल्फियात मेला. हद्दपार लोकांनी राजाला लिहिलेल्या अर्जात त्याला २० मुलं आणि दीडशेच्या आसपास नातवंडं असल्याचं लिहिलंय. एका गाजलेल्या अमेरिकन कवितेत हा नोटरी आल्यामुळे तो प्रसिद्ध झाला आणि मग काय, प्रत्येक लब्लाँला तोच पणजोबा हवा.

केटला २०२४ च्या ऑगस्टमध्ये नोव्हा स्कोशियाला जायचं होतं. जागतिक अकेडियन काँग्रेस दर पाच वर्षांनी भरते, २०२४ ची क्लेअर आणि आर्गाइल भागात होती, आणि तिथे आडनावांप्रमाणे कुटुंबमेळावे असतात. तिला एक नीट छापलेला तक्ता घेऊन जायचा होता. तिच्या मामांनी तो आधीच केलेला होता, वर नोटरी, खाली केट. तिने मला पाठवला आणि म्हणाली, छापायच्या आधी एकदा बघून देतोस का, तुला असल्या गोष्टींचं वेड आहे.

अडचण

खालून वर जाताना पहिल्या पाच पिढ्या अगदी लोण्यासारख्या गेल्या. वुस्टरमध्ये आलेले खापरपणजोबा क्युबेकचे, सेंट-जाक-द-लाशिगान नावाच्या गावचे, माँट्रियलच्या उत्तरेला. क्युबेकच्या चर्चच्या नोंदी म्हणजे चैन आहे, प्रत्येक लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आईवडील लिहिलेले, बायकांची माहेरची आडनावं कायम, त्यामुळे एका लग्नावरून मागच्या लग्नावर उडी मारत सहज वर जाता येतं.

ही उडी थांबली ती १७६७ मध्ये. क्युबेकमधल्या लासॉम्पसियाँ गावच्या रजिस्टरमध्ये पिएर लब्लाँ आणि मादलेन लँड्री यांचं लग्न नव्याने पक्कं केल्याची नोंद आहे. नव्याने का, तर मॅसॅच्युसेट्समध्ये कॅथलिक पाद्री नव्हतेच, मग तरुण मंडळी वडीलधाऱ्यांसमोर, साक्षीदार ठेवून लग्न करायची आणि पाद्री भेटला की रीतसर करून घेऊ असं वचन द्यायची. १७६६ मध्ये क्युबेकचा गव्हर्नर मरे याने (पिसिगिटवाला मरे तो वेगळा) यांना यायला परवानगी दिली, मॅसॅच्युसेट्समधून कुटुंबंच्या कुटुंबं वर निघाली, त्यातली बरीच लासॉम्पसियाँला उतरली आणि तिथल्या पाद्र्याने धडाधड लग्नं पक्की केली, चार-पाच वर्षांच्या पोरांचे बाप्तिस्मे उरकले. घाईचं काम. त्यामुळे पिएर-मादलेनच्या नोंदीत त्यांच्या आईवडिलांची नावंच नाहीत! पिएरच्या मृत्यूच्या नोंदीत नुसतं वय, ज्यावरून जन्म १७४४ च्या आसपास येतो.

मादलेनचं सोपं होतं. ग्राँ-प्रेच्या सेंट-चार्ल्स चर्चची १७०७ ते १७४८ ची रजिस्टरं हद्दपार लोकांनी स्वतः बरोबर नेली, आधी मेरीलँडला, मग थेट लुइझियानाला, आणि आज ती बॅटन रूजच्या कॅथलिक डायोसिसकडे जपलेली आहेत. विचार करा, घरातून काय उचलायचं तर त्या लोकांनी ही वही उचलली. तिच्यात मादलेनचा बाप्तिस्मा सापडतो, आणि ती हीच मादलेन हे तिच्या भावंडांच्या क्युबेकमधल्या नोंदींवरून पक्कं होतं.

पिएर मात्र दोन निघाले.

पहिला पिएर ग्राँ-प्रेचा, नोटरीच्या एका मुलाचा मुलगा, १७४४ चा बाप्तिस्मा त्याच रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात. दुसरा पिएर पिसिगिटच्या एका जोसेफ लब्लाँचा मुलगा. पिसिगिटमध्ये दोन पॅरिश (एकेका चर्चच्या हाताखालचे भाग) होते आणि दोन्हींची रजिस्टरं हरवली, त्यामुळे या दुसऱ्याचा बाप्तिस्मा नाही, आईवडिलांचं लग्न नाही, काहीच नाही. मॅसॅच्युसेट्सच्या एका यादीत बापाच्या नावाखाली पीटर (पिएरचं इंग्रजी रूप) नावाचा मुलगा आहे, बस.

मामांच्या तक्त्यात पहिला पिएर होता. इंटरनेटवरच्या ज्या ज्या झाडांत हे जोडपं आहे त्या जवळपास सगळ्यांत पहिलाच पिएर आहे. आणि माझ्या मते ही या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, की त्याला निवडायचं कारण पुरावा नव्हताच, कारण फक्त एवढंच की त्याचा कागद शिल्लक राहिला. ज्याचा कागद जळला, बुडाला, हरवला तो उमेदवार म्हणून कुणाच्या डोळ्यासमोरच येत नाही. विन्स्लोच्या यादीचंही तेच. त्याच्या रोजनिशीत ग्राँ-प्रेच्या घरप्रमुखांची यादी आहे, गाव कुठलं, मुलगे किती, मुली किती, बैल, गाई, मेंढ्या, डुकरं किती इथपर्यंत (बायकांची नावं अर्थातच नाहीत). पहिल्या पिएरचा बाप त्यात आहे. दुसऱ्याचा असणार कसा, तो पिसिगिटमध्ये कॅप्टन मरेच्या ताब्यात होता.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय, जे आहे ते छापून टाकणं. मामांचा कल तिकडेच, आणि खरं सांगायचं तर मेळाव्यात कुणी पुरावा मागत नाही.

दुसरा, डीएनए. केटने टेस्ट केलेलीच होती आणि तिच्या मॅचच्या यादीत नोटरीचे दोन-तीन सिद्ध वंशज दिसत होते, मामा म्हणाले हा घ्या पुरावा. पण अकेडियन लोकांत याचा अर्थ फार लागत नाही. सगळी मूठभर घराण्यांची प्रजा, कुणीही दोन अकेडियन घेतले तर ते पाच-सहा वाटांनी एकमेकांचे नातेवाईक निघतात, मग थोडाथोडा डीएनए सगळीकडून गोळा होतो आणि कॉम्प्युटर सांगतो चौथ्या पिढीचे चुलतभाऊ, असतात मात्र सातव्या-आठव्या पिढीचे. मामांची वाय-डीएनए टेस्ट करायची असाही विषय निघाला. ती बापाकडून मुलाकडे जाणारी टेस्ट, आणि इथे ती बिनकामाची, कारण अकेडियातले लब्लाँ एकाच मूळ पुरुषाचे, दानिएल लब्लाँ, जो १६५० च्या सुमारास आला. दोन्ही पिएर त्याचेच. टेस्ट म्हणणार लब्लाँ आहात, ते आम्हाला माहितीच होतं. हे पैसे वाचवले.

तिसरा, माँक्टनच्या अकेडियन अभ्यास केंद्रातलं संशोधन वापरणं. अकेडियन वंशावळीत स्टीफन व्हाइट यांचा शब्द शेवटचा मानतात, त्यांचा दोन खंडी कोश १९९९ मध्ये आला. पण तो १७१४ पर्यंत उभ्या राहिलेल्या कुटुंबांचा. नेमकी १७१५ ते १७५५ मधली पिढी, ज्यांची पोरं हद्दपारीत लहान होती, ती त्या छापील खंडांच्या बाहेर पडते, आणि आमचा घोळ तिथेच. जुन्या संकलनांमध्ये ही पिढी आहे पण त्यांत चुका आहेत हे सगळ्यांना माहितीय, तरी लोक उतरवून घेतात. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांसारखंच आहे हे, एकदा छापलं की पुढच्या तीन पिढ्या तेच ब्रह्मवाक्य.

चौथा पर्याय, म्हणजे दोन्ही पिएर समोर ठेवायचे आणि दोघांची कुटुंबं हद्दपारीतून पुढे कुठे गेली ते वेगवेगळं शोधायचं. वेळखाऊ, आणि शेवटी काहीच न निघण्याची शक्यता. केटला मी तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, कर, फक्त मामांना तू सांग.

काय केलं

जहाजाच्या याद्या शोधण्यात अजिबात वेळ घालवला नाही, हे आधी सांगतो कारण प्रत्येक नवा माणूस तिथेच अडकतो. १७५५ च्या जहाजांवर कोण कोण होतं याच्या नावानिशी याद्या जवळपास नाहीतच, जहाजाचं नाव, कुठून कुठे, माणसं किती, एवढं मिळतं. पिसिगिटची माणसं सीफ्लॉवर जहाजाने बॉस्टनला आली हे कळतं, जोसेफ त्यात होता का हे नाही. माणूस सापडतो तो उतरल्यानंतर, जिथे त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च कुणीतरी सरकारकडे मागतो तिथे.

पहिला पिएर आधी घेतला, कारण त्याचे कागद जास्त होते आणि एखाद्याला बाद करणं हे एखाद्याला सिद्ध करण्यापेक्षा सोपं असतं. १७६३ मध्ये पॅरिसचा तह झाला तेव्हा वेगवेगळ्या वसाहतींतल्या अकेडियन लोकांनी आपल्या याद्या करून फ्रेंच राजदूताकडे पाठवल्या, आम्हाला फ्रान्सला न्या म्हणून. मेरीलँडच्या जुलै १७६३ च्या यादीत नोटरीच्या त्या मुलाचं कुटुंब सापडलं, आणि मुलांमध्ये पिएर. म्हणजे १७६३ मध्ये हा पोरगा मेरीलँडमध्ये, आमचा पिएर त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न करतोय.

मामांचं म्हणणं, पिएर काय एकच असतो का, मेरीलँडचा तो धाकटा दुसरा पिएर असेल. मुद्दा बरोबर होता, मेरीलँडच्या यादीत वयं नसतात. म्हणून पुढे गेलो. मेरीलँडचे अकेडियन १७६६ ते १७६८ मध्ये जहाजांनी लुइझियानाला गेले, तिथे स्पॅनिश राज्य, आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांनी उतरलेल्यांच्या याद्या वयांसकट केल्या. तिथे हा पिएर वयाने बरोबर बसतो, आणि नंतर त्याच्या लग्नाच्या नोंदीत आईवडिलांची नावं आणि जन्माचा पॅरिश सेंट-चार्ल्स असं लिहिलंय. पहिला पिएर संपला. तो लुइझियानाचा झाला, तिकडे त्याची भरपूर प्रजा आहे, केटचा तो पूर्वज नाही.

इथे एक निर्णय घ्यायचा होता. एक बाद झाला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरतो का? बरेच जण इथे थांबतात आणि दुसऱ्याचं नाव लिहून टाकतात. पण पिसिगिटची आणि कोबेकिड या दुसऱ्या अकेडियन वस्तीची रजिस्टरं हरवलेली असताना तिसरा, चौथा पिएर कुठेच कागदावर न येता असू शकतो. म्हणून दुसऱ्यासाठी वेगळा, त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा हवाच होता.

तो निघाला लासॉम्पसियाँच्याच नोंदीत. तोपर्यंत सगळ्यांनी, मामांनीही, त्या नोंदीचा डेटाबेसमधला सारांश बघितलेला, ज्यात नवरा, बायको, तारीख एवढंच येतं. मूळ पानाचा फोटो उघडला तर अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेलं, ओळी एकमेकींना टेकलेल्या, आणि चौथ्या-पाचव्या ओळीत साक्षीदारांच्या नावांच्या अगदी आधी एक वाक्य, की या दोघांना तिसऱ्या पायरीच्या रक्तसंबंधाची सूट देण्यात आली आहे. ही एक ओळ म्हणजे सोन्याची खाण! (याच पानावरून एका ऑनलाइन झाडाने हे लग्न नोव्हा स्कोशियात झाल्याचं लिहिलंय, कारण पिसिगिटच्या एका पॅरिशचं नावही लासॉम्पसियाँच होतं. १७६७ मध्ये तिथे तो पॅरिश उरलाच नव्हता.)

कॅथलिक चर्चमध्ये जवळच्या नात्यात लग्न करायचं तर सूट घ्यावी लागायची, आणि पाद्री नातं किती पायऱ्यांचं ते लिहायचा. पायऱ्या मोजायच्या त्या सामाईक पूर्वजापासून खाली. पहिली पायरी सख्खी भावंडं, दुसरी पायरी त्यांची मुलं म्हणजे चुलत-मावस-आते-मामेभावंडं, तिसरी त्या मुलांची मुलं. म्हणजे तिसऱ्या पायरीची सूट असेल तर नवऱ्याचा एक आजोबा किंवा आजी आणि बायकोचा एक आजोबा किंवा आजी हे सख्खे, निदान सावत्र, बहीणभाऊ असलेच पाहिजेत. हद्दपारीत हरवलेल्या पिसिगिट-कोबेकिडच्या कुटुंबांची जुळणी संशोधकांनी मोठ्या प्रमाणात याच वाक्यांवरून केलीय.

मादलेनचे चारही आजीआजोबा माहीत होते, त्यांची भावंडं ग्राँ-प्रेची रजिस्टरं आणि १६८६, १६९३ च्या जनगणना यांच्यातून काढता आली. आता पहिला पिएर इथे परत तपासला, सहज म्हणून. त्याच्या बाजूने मादलेनशी चौथ्या पायरीचं नातं दोन ठिकाणी निघालं, तिसऱ्या पायरीचं एकही नाही. म्हणजे लुइझियानाचे कागद नसते तरी तो इथे गळलाच असता.

दुसऱ्या पिएरच्या बाजूने मात्र त्याचे आजीआजोबा कोण हेच माहीत नव्हतं. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी दफ्तरात ‘फ्रेंच न्यूट्रल्स’ या नावाने दोन जाडजूड खंड आहेत, त्यांत गावागावांनी अकेडियन कुटुंबांवर केलेल्या खर्चाची बिलं, याद्या, तक्रारअर्ज. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू येईल तसं लिहिलेलं, पिएरचा पीटर, लब्लाँचं तर काय काय झालंय ते विचारू नका. वाचताना जीव कासावीस होतो. परवाना नसताना गाव सोडलं तर शिक्षा, आणि पोरांना बापाच्या हातातून काढून शेजारच्या शेतकऱ्याकडे कामाला बांधून द्यायचे, त्याविरुद्ध बापांनी केलेले अर्ज त्यात आहेत. जोसेफच्या कुटुंबाची यादी तिथली, बायकोचं नाव नुसतं मेरी, माहेर नाही. शेजारच्याच गावात मादलेनच्या वडिलांचं कुटुंब. जून १७६६ मध्ये ज्यांना कॅनडाला जायचंय त्यांची बॉस्टनमध्ये यादी झाली, त्यात घरप्रमुखाचं नाव आणि माणसं किती, जोसेफ लब्लाँ आहे, पण एकापेक्षा जास्त जोसेफ लब्लाँ आहेत. हे होणारच होतं.

मेरीचं माहेर मिळालं ते अटलांटिकच्या पलीकडे. व्हर्जिनियाला पाठवलेल्या अकेडियन लोकांना व्हर्जिनियाने ठेवूनच घेतलं नाही, १७५६ मध्ये त्यांना इंग्लंडला रवाना केलं, लिव्हरपूल, ब्रिस्टल, साउदॅम्प्टन, फालमथच्या बाजूला ते सात वर्षं कैदेत राहिले, देवीच्या साथीत पुष्कळ मेले. उरलेले १७६३ मध्ये फ्रान्सला गेले आणि त्यांतली ७८ कुटुंबं १७६५ मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर वसवली. यांच्याकडे जन्म-लग्नाचा कागदच नव्हता म्हणून १७६७ मध्ये ब्रिटनीच्या पार्लमेंटच्या (म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या) हुकमाने प्रत्येक कुटुंबप्रमुखाला पाद्र्यांसमोर शपथेवर आपला वंश सांगायला लावला, अकेडियात आलेल्या पहिल्या पुरुषापर्यंत, आणि बाकीच्यांनी साक्ष दिली. तोंडी सांगितलेली माहिती आहे, चुका आहेत, पण कित्येकदा त्यात भावंडंही येतात आणि ती कुठे फेकली गेली तेही. पिसिगिटच्या एका ट्राहानच्या जबानीत त्याची बहीण मारी, जोसेफ लब्लाँची बायको, बॉस्टनला गेली, असं आलं. त्याच जबानीत त्याचा बाप आणि आजोबाही.

मग जुळवून बघितलं. मारी ट्राहानचा बाप आणि मादलेन लँड्रीची आजी, दोघं एकाच आईबापाची मुलं. म्हणजे पिएरचे आजोबा आणि मादलेनची आजी सख्खे भाऊबहीण. तिसरी पायरी, तंतोतंत.

यावर एक जोड म्हणून पिएर-मादलेनच्या मुलांचे क्युबेकमधले बाप्तिस्मे काढले आणि धर्मपिता-धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे) कोण कोण आहेत ते बघितलं. जोसेफच्या यादीतल्या पीटरच्या भावाचं आणि बहिणीचं नाव त्यात येतं, दोघांचंही आडनाव लब्लाँ. नोटरीच्या घरातलं कुणीही नाही.

निकाल

केटचा पिएर हा बहुतेक पिसिगिटच्या जोसेफ लब्लाँ आणि मारी ट्राहान यांचा मुलगा. बहुतेक हा शब्द मी मुद्दाम ठेवायला लावला. यावर केटशी थोडी वादावादी झाली, तिचं म्हणणं एवढं सगळं जुळतंय तर पक्कं का नाही. कारण दोन. एक, सूट लिहिताना पाद्री जे म्हातारे सांगतील तेच लिहायचा, आणि बारा वर्षं परमुलखात राहिलेल्या म्हाताऱ्यांची आठवण बहुतेक वेळा बरोबर असली तरी कधी कधी पायरी चुकते. दोन, ट्राहान कुटुंब मोठं, मारीच्या एखाद्या चुलतबहिणीचा मुलगाही याच चौकटीत बसू शकला असता, धर्मपित्यांमुळे ती शक्यता कमी होते पण शून्य होत नाही. शेवटी तक्त्यात पिएर आणि जोसेफ यांच्यामधली रेघ तुटक छापली, खाली एका ओळीत कारण दिलं.

नोटरी गेला का, तर वंशज म्हणून गेला, पण दानिएल लब्लाँ दोघांचाही मूळ पुरुष असल्यामुळे नातेवाईक म्हणून राहिला. मामांनी याचाच आधार घेतला. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं, ऐकून घेतलं, मग म्हणाले ट्राहान म्हणजे कोण, त्यांचं काय विशेष? मी सांगितलं, गियोम ट्राहान १६३६ मध्ये सेंट-जेहान जहाजाने ला रोशेलहून बायको आणि दोन मुली घेऊन आला, अकेडियात आलेल्या अगदी पहिल्या कुटुंबांपैकी एक, आणि त्या जहाजाची यादी शिल्लक आहे. हद्दपारीच्या जहाजांची नाही, पण याची आहे. त्यावर मामा जरा खुलले. त्यांच्या घरातल्या भिंतीवर मात्र अजून जुनाच तक्ता आहे असं केट सांगते.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. मूळ पानाचा फोटो अगदी सुरुवातीला उघडायचा, मेरीलँड-लुइझियानाची फेरी त्यानंतर. तिसऱ्या पायरीची ओळ हातात असती तर पहिला पिएर तासाभरात बाजूला पडला असता. तरी ती फेरी वाया गेली म्हणणार नाही, मामांना पटलं ते लुइझियानातल्या लग्नाच्या नोंदीमुळेच, पायऱ्यांचं गणित त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. ज्याला पटवायचंय त्याला कुठला पुरावा समजतो हेही बघावं लागतं.

दुसरं, पिएरची भावंडं आधी गोळा करायला हवी होती. भाऊ किंवा बहीण, कुणाच्या तरी क्युबेकमधल्या लग्नाच्या नोंदीत आईवडिलांची पूर्ण नावं असण्याची शक्यता पिएरपेक्षा जास्त, कारण ती लग्नं नंतर, सावकाश, रीतसर झाली. भावाचं लग्न अजून सापडलेलं नाही. बहिणीचं सापडलं, त्यात वडील जोसेफ लब्लाँ स्पष्ट आहे आणि आईच्या आडनावावर नेमका पाण्याचा डाग, सुरुवातीचं अक्षर टी वाचता येतं एवढंच. क्युबेकमध्ये रजिस्टरच्या दोन प्रती व्हायच्या, एक चर्चची आणि एक कोर्टात जाणारी, आणि आम्ही बघितली ती चर्चची. कोर्टाची प्रत बघायची राहिली आहे.

तिसरं, डीएनए आम्ही सरसकट बाजूला ठेवलं, ते थोडं वेगळ्या पद्धतीने वापरता आलं असतं. आईकडून मुलीकडे जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए पिएरकडून पुढे येत नाही, पण त्याच्या बहिणीकडून येतो. बहिणीपासून मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी अशी सलग बायकांची साखळी आजपर्यंत आली असेल तर त्या बाईची टेस्ट आणि मारी ट्राहानच्या आईकडच्या एखाद्या सिद्ध वंशजाची टेस्ट जुळते का ते बघायचं. न जुळल्यास आमचा निष्कर्ष सरळ कोसळेल, जुळल्यास मजबूत होईल पण तरी एकट्याने सिद्ध होणार नाही, कारण तीच मायटोकाँड्रियल रेषा अकेडियात इतर अनेक घरांतही पसरलेली आहे. केटने बहिणीची साखळी खाली आणायला घेतलीय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती आली आहे, तिथून पुढे हयात माणसांचा प्रश्न येतो म्हणून आधी चिठ्ठी लिहून विचारायचं असं ठरलंय.